मालेगावचं लुगडं आणि तुर्कस्तानचा खलिफा

१९२४ च्या मे महिन्यात कानपूरच्या न्यायालयात चार जणांना प्रत्येकी चार वर्षांची सक्तमजुरी झाली. हिंदुस्थानवरचं बादशहाचं राज्य उलथवण्याचा कट केला, हा आरोप. शिक्षा सुनावणारे न्यायाधीश होल्म म्हणजे चौरीचौराच्या खटल्यात १७२ माणसांना फाशी ठोठावणारेच गृहस्थ. त्या चौघांतले श्रीपाद अमृत डांगे आमच्या निफाड तालुक्यातल्या करंजगावात जन्मलेले. त्यांच्याबरोबरचे दुसरे आरोपी शौकत उस्मानी, बिकानेरचे. उस्मानी १९२० साली घराबाहेर पडले ते खलिफाच्या प्रश्नावरून. खलिफाच्या मुळावर उठलेल्या इंग्रजांच्या राज्यात राहणं धर्माला धरून नाही, असं म्हणून देश सोडून काबूलला निघालेल्या हजारो मुसलमानांतले ते एक. काबूलहून ते ताश्कंदला गेले, तिथून मॉस्कोला, आणि परत आले ते साम्यवादी होऊन.

मी पिंपळगाव बसवंतला शाळेत इतिहास शिकवत होते. करंजगावचं नाव निघालं की वर्ग सावरून बसायचा, कारण कुणाची मावशी तिथे दिलेली, कुणाचा मामा तिथला. मग प्रश्न यायचाच, "बाई, आपल्या करंजगावचा माणूस आणि खलिफासाठी घर सोडणारा माणूस एकाच खटल्यात कसे?" तासाची घंटा व्हायच्या आत या प्रश्नाचं उत्तर देता येत नसे. निवृत्तीनंतर सवड मिळाली तसं मी ते नीट शोधलं, आणि ते मला आमच्याच आग्रा रोडवर, चांदवडच्या पलीकडे, मालेगावात सापडलं. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत इंग्रज सरकारला जगभरच्या मुसलमानांच्या एकीची जी धास्ती होती, ती आपल्या जिल्ह्यातून गेली आहे. आणि तिच्यापायी माणसं मेली आहेत.

आधी ती धास्ती कुठून आली ते पाहू. तुर्कस्तानचा उस्मानी सुलतान हा सुन्नी मुसलमानांचा खलिफा, म्हणजे पैगंबरांच्या गादीचा वारस मानला जाई. मक्का-मदिना त्याच्या राज्यात होती. इकडे हिंदुस्थानात सुमारे ७ कोटी मुसलमान राहत होते. मुसलमान प्रजा सगळ्यात जास्त असलेलं राज्य सुलतानाचं नव्हतंच, ते इंग्रजांचं होतं. हिंदी फौजेतही तिसऱ्या हिश्शाच्या आसपास शिपाई मुसलमान. १९१४ च्या नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरलं आणि खलिफाच्या नावाने जिहाद पुकारला गेला, तेव्हा सिमला आणि दिल्लीच्या साहेबांची झोप उडाली. पुढच्याच फेब्रुवारीत सिंगापुरात हिंदी फौजेच्या ५ व्या लाइट इन्फन्ट्रीतल्या मुसलमान शिपायांनी बंड केलं. आपल्याला तुर्कांवर पाठवणार, अशी कंडी तिथे पिकली होती. बंड मोडल्यावर ४७ जणांना गोळ्या घातल्या.

त्याच वर्षाच्या शेवटी काबूलमध्ये हिंदुस्थानचं हंगामी सरकार स्थापन झालं. राष्ट्राध्यक्ष राजा महेंद्र प्रताप, पंतप्रधान बरकतुल्ला. १९१६ मध्ये मौलाना उबैदुल्ला सिंधी यांनी काबूलहून रेशमी कापडावर लिहून धाडलेली पत्रं पंजाबात सरकारच्या हाती लागली. त्यांत खलिफाच्या मदतीने सरहद्दीवरून उठाव करण्याचा बेत होता. म्हणजे भीती अगदीच हवेतली नव्हती, हे मी मुलांनाही सांगत आले. कट होते, पत्रं होती, माणसं होती. तरी फौज बहुतेक सगळी हुकमात राहिली. मेसोपोटेमियात तुर्कांशी हिंदी मुसलमान लढले, आणि कुत-अल-अमाराच्या वेढ्यात आपल्या मराठा पलटणींबरोबर उपाशीही राहिले. कुत पडलं तेव्हा आपल्या मुलखातले कितीतरी शिपाई तुर्कांचे कैदी झाले. सातारा-पुण्याकडच्या घरांत तुर्कस्तानचं नाव पहिल्यांदा पोचलं असेल ते असं.

१९१८ साली न्यायमूर्ती रौलट यांच्या समितीचा अहवाल आला. रौलट कायदा सगळ्यांना ठाऊक असतो, अहवाल फारसा कुणी वाचत नाही. त्याची सुरुवातच मुंबई इलाख्यापासून आहे. चाफेकर बंधू, मग नाशिक, मग २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर झाडलेल्या गोळ्या. आणि त्याच अहवालात पुढे एक प्रकरण मुसलमानांतल्या हालचालींवर, रेशमी पत्रांवर. नाशिकचे चित्पावन तरुण आणि देवबंदचे मौलवी एकाच जाडजूड पुस्तकात. सरकारला आपल्याविरुद्ध उठणारा प्रत्येक हात दुसऱ्या हाताला बांधलेला दिसत होता. डांगे आणि उस्मानी पुढे एका खटल्यात आले, त्याची मांडणी मला या अहवालातच दिसते.

युद्ध संपलं आणि दिलेला शब्द इंग्रजांनीच फिरवला. जानेवारी १९१८ मध्ये पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी जाहीर केलं होतं की तुर्कांची राजधानी आणि तुर्क वस्तीचा मुलूख आम्ही हिरावून घेणार नाही. ऑगस्ट १९२० च्या सेव्हरच्या तहाने स्मर्ना ग्रीकांच्या कारभाराखाली गेलं, थ्रेस गेलं, अरब मुलूख इंग्रज-फ्रेंचांनी वाटून घेतले. शब्द मोडल्याचा हा राग खरा होता. मुंबईत १९१९ पासूनच खिलाफत समिती काम करत होती. अध्यक्ष मियाँ महंमद छोटानी, लाकडाचे मोठे व्यापारी. भायखळ्याच्या लव्ह लेनमधलं खिलाफत हाउस आजही आहे. अलीबंधू, महंमद अली आणि शौकत अली, तुरुंगातून सुटून आले. गांधीजींनी खिलाफतीचं गाऱ्हाणं आणि स्वराज्याची मागणी एकत्र बांधली. १ ऑगस्ट १९२० ला असहकार सुरू व्हायचा होता, त्याच पहाटे मुंबईत लोकमान्य गेले. त्यांच्या तिरडीला खांदा देणाऱ्यांत गांधीजींबरोबर शौकत अली होते. चौपाटीवरच्या त्या गर्दीकडे सरकारी डोळे कसे लागले असतील, हे सांगायला नको.

मुंबईचे गव्हर्नर तेव्हा सर जॉर्ज लॉइड. युद्धकाळात कैरोच्या अरब ब्यूरोत काम केलेले, तुर्कस्तान जवळून पाहिलेले. इलाख्यात कुठे खिलाफतीची सभा झाली की त्यांना तिच्यामागे इस्तंबूल आणि अंगोरा, म्हणजे आजचं अंकारा, दिसावं यात नवल नाही. जिल्ह्याजिल्ह्यातून आठवड्याचे अहवाल वर जात. सभेला किती लोक, कोण बोललं, टोपी कसली होती, वर्गणी किती जमली. नाशिक जिल्ह्यातल्या अहवालांत एक नाव इतरांपेक्षा ठळक होऊ लागलं. मालेगाव.

आमचं घर कापडाचं. पिंपळगावच्या बाजारपेठेत वडिलांचं दुकान होतं, आणि आजीच्या तोंडी 'मालेगावचं लुगडं' हे शब्द भरवशाचे म्हणून असायचे. नऊवार, रंगाला पक्कं, शेतात नेसायला मजबूत. ते विणणारे हात मोमीन विणकरांचे. १८५७ नंतरच्या धामधुमीत आणि पुढच्या दुष्काळांत उत्तर हिंदुस्थानातून, आझमगड-बनारस-अलाहाबादकडून, ही कुटुंबं पायी आणि बैलगाडीने दक्षिणेकडे निघाली. त्यांची मोठी वस्ती मोसम नदीकाठी, नारोशंकर राजेबहादरांच्या किल्ल्याभोवतीच्या या गावात झाली. घरी उर्दू बोलणारे लोक खानदेश-नाशिकच्या शेतकरणींसाठी लुगडी विणू लागले. सूत पुरवणारे आणि माल उचलणारे व्यापारी बहुतेक हिंदू. मागावर बसणारा मुसलमान, नेसणारी कुणबीण, मध्ये सावकार. मालेगावचं रोजचं जगणं या तिघांच्या देण्याघेण्यावर उभं होतं. यंत्रमाग आले ते १९३० च्या दशकात. १९२१ चं मालेगाव हातमागाचं होतं.

युद्धाच्या वर्षांत सुताचे आणि धान्याचे भाव भडकले होते. विणकराला सूत महाग, आणि लुगडं घेणाऱ्या बाईच्या हातात पैसा नाही. अशा गावात खिलाफतीची समिती निघाली, स्वयंसेवक निघाले, आणि मुलांसाठी आपली शाळा चालवायला निधी उभा राहू लागला. विकल्या जाणाऱ्या लुगड्यामागे थोडे पैसे, अशी ती वर्गणी. ज्यांना ती द्यायची नव्हती त्यांच्यावर बहिष्काराचा दबाव आला. न देणारेही मुसलमानच होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मालेगावचं भांडण पहिल्यांदा पेटलं ते विणकरांच्या वस्तीच्या आत, वर्गणी आणि वट यांवरून. त्याला खिलाफतीचं नाव होतं, आणि त्या नावावर लोकांची मनापासून श्रद्धाही होती. पण भांडणाचा विषय लुगड्याच्या किमतीतला होता.

जिल्हा मॅजिस्ट्रेटने स्वयंसेवकांना हत्यारं, काठ्या घेऊन फिरायला मनाई केली. हुकूम मोडला म्हणून काहींवर खटले झाले. २५ एप्रिल १९२१ ला त्यांना शिक्षा सुनावली गेली आणि गाव उसळलं. जमाव पोलिसांवर चालून गेला. घरं जळाली, लुटालूट झाली, देऊळ पेटवलं गेलं. फौजदार भास्करराव यांना जमावाने ठार मारलं. त्यांच्या हाताखालचे शिपाईही मारले गेले.

भास्कररावांचं नाव मी वर्गात नेहमी पूर्ण गांभीर्याने घेत असे. इंग्रजांची चाकरी करणारा फौजदार म्हणून त्यांचा मृत्यू इतिहासाच्या तळटीपेत ढकलायचा, हे मला कधीच पटलं नाही. तो आपल्यातलाच, मराठी बोलणारा, हुकमाचा ताबेदार माणूस होता. गांधीजींनीही तो मृत्यू असा ढकलला नाही. 'यंग इंडिया'त त्यांनी मालेगावच्या हत्यांचा कडक शब्दांत निषेध केला. त्यांच्या चळवळीतल्या माणसांनी केलेल्या खुनांवर चौरीचौराच्या आधी नऊ-दहा महिने ते असं बोलले, ही गोष्ट नाशिक जिल्ह्यातल्या पाठ्यपुस्तकांबाहेर राहून गेली.

मग फौज आली, धरपकड झाली, खटले चालले. दोषी ठरलेले सुलेमान शाह आणि त्यांच्याबरोबरच्या आणखी काही जणांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं गेलं. मालेगावात त्या माणसांची यादगार उभी आहे. ती पाहायला गेले तेव्हा शेजारच्या गल्लीत एक म्हातारे चाचा भेटले. त्यांच्या आजोबांचा हातमाग होता, मुलांचे यंत्रमाग आहेत. मी पिंपळगावची, कापडवाल्यांच्या घरातली, हे कळल्यावर त्यांनी खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, "टीचर, इधर सब को फांसी याद है. उस साल सूत का भाव क्या था, वो कोई नहीं पूछता." मी ते वाक्य घरी येऊन वहीत लिहून ठेवलं. माझ्या सगळ्या वाचनाचं सार त्यांनी खुर्चीवर बसल्या बसल्या सांगितलं होतं.

सुताचा भाव सरकारनेही विचारला नाही. सरकारी यादीत मालेगाव कुठे जाऊन बसलं ते पाहा. एप्रिल १९२१ मालेगाव. जुलैमध्ये कराचीची खिलाफत परिषद, सरकारच्या फौजेत नोकरी करणं मुसलमानाला निषिद्ध आहे असा तिथला ठराव, आणि त्यावरून अलीबंधूंवर खटला. त्या खटल्यात एक आरोपी शारदापीठाचे शंकराचार्य भारतीकृष्ण तीर्थ होते, ते सुटले. अलीबंधूंना दोन वर्षांची शिक्षा झाली. ऑगस्टमध्ये मलबारचं मोपल्यांचं बंड आणि तिथले हिंदूंवरचे भयंकर अत्याचार. नोव्हेंबरात युवराज मुंबईला उतरले तेव्हाची दंगल. फेब्रुवारी १९२२ मध्ये चौरीचौरा. एकाखाली एक अशी ही नावं मांडली की ती एकाच हाताने लिहिल्यासारखी दिसतात. गुप्तचर खात्याचे अधिकारी बॅमफर्ड यांनी १९२५ मध्ये असहकार आणि खिलाफत चळवळीचा इतिहास सरकारपुरता, गोपनीय म्हणून छापला. त्याची रचना अशीच आहे. मोपला कूळ आणि त्याचा जमीनदार, मालेगावचा विणकर आणि त्याच्याकडे वर्गणी मागणारा, गोरखपूरचा शेतकरी, या प्रत्येकाचं दुखणं वेगळं होतं. कागदावर सगळ्यांना एकच रोग ठरवला गेला.

या धास्तीचा दुसरा चेहरा मला जास्त उद्‌बोधक वाटतो. एकीकडे फाशी आणि तुरुंग, आणि दुसरीकडे हेच हिंदुस्थान सरकार लंडनकडे खिलाफतीची वकिली करत होतं. १९२१ च्या सुरुवातीला तुर्कस्तानच्या तहावर लंडनला परिषद भरली, तेव्हा हिंदी मुसलमानांची बाजू मांडायला छोटानी, आगाखान, डॉ. अन्सारी यांना जाऊ दिलं गेलं. १९२२ च्या मार्चमध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांच्या सरकारने तार केली. कॉन्स्टॅन्टिनोपल, म्हणजे इस्तंबूल, तुर्कांसाठी मोकळं करा, पवित्र स्थळांवर सुलतानाचा अधिकार माना, थ्रेस आणि स्मर्ना परत द्या. मौलाना शौकत अलींच्या भाषणात शोभाव्यात अशा या मागण्या, आणि त्या करत होता व्हाइसरॉय! भारतमंत्री मॉन्टेग्यू यांनी मंत्रिमंडळाला न विचारता ती तार जाहीर करू दिली आणि ९ मार्चला त्यांना राजीनामा द्यावा लागला. दुसऱ्याच दिवशी साबरमतीला गांधीजींना अटक झाली. सहा वर्षांची शिक्षा होऊन ते येरवड्यात आले.

एकाच आठवड्यात मागणी उचलून धरायची आणि मागणाऱ्याला आत टाकायचं. यात काही विसंगती आहे असं सरकारला वाटलं नसणार. मुसलमानांचं मन तुर्कस्तानच्या तहावरून शांत झालं तर ते गांधींपासून सुटे होतील, हा त्यामागचा हिशेब होता. हिंदू-मुसलमान एकत्र आलेले सरकारला सर्वांत नकोसे होते, आणि जगभरच्या मुसलमानांच्या एकजुटीची भीती जितकी खरी होती तितकीच ती या कामाला सोयीचीही होती. हे माझं मत आहे, आणि मी ते विचार करून मांडते आहे.

पुढे जे झालं त्यात इंग्रजांचा हात नव्हता. मुस्तफा कमाल यांनी ग्रीकांना हाकललं, जुलै १९२३ मध्ये लोझानचा नवा तह झाला, आणि ३ मार्च १९२४ ला तुर्कांच्या संसदेने खिलाफतच रद्द केली. शेवटचे खलिफा अब्दुलमजीद यांना रातोरात गाडीत बसवून देशाबाहेर पाठवलं. ज्यासाठी मालेगावात माणसं मेली, मारली गेली, हजारो लोक घरदार विकून काबूलच्या वाटेला लागले आणि कित्येक वाटेतच गेले, ते तुर्कांनीच मोडीत काढलं. मुंबईच्या समितीत त्याआधीच पैशाचा घोळ बाहेर आला होता. तुर्कांसाठी जमवलेल्या निधीतले लाखो रुपये छोटानींच्या व्यापारात अडकले होते, आणि भरपाई म्हणून त्यांना आपल्या लाकूड-गिरण्या समितीच्या हवाली कराव्या लागल्या. त्या निधीत गरीब बायकांच्या अंगावरचे दागिने होते. याचं मला फार वाईट वाटतं. श्रद्धेने दिलेल्या पैशाची अशी गत झाली की पुढच्या पिढीचा विश्वास उडतो.

खलिफा गेला तरी पाळत थांबली नाही. आता धास्तीला मॉस्कोची जोड मिळाली. देश सोडून गेलेल्यांतले काही जण ताश्कंदला शिकून परतले, त्यांच्यावर पेशावरला खटले भरले गेले. धर्मासाठी गेलेला माणूस मार्क्स वाचून येतो, म्हणजे दोन्ही संकटं एकाच माणसात, असा गुप्तचर खात्याचा निष्कर्ष. कानपूरच्या खटल्याची फिर्याद गुप्तचर विभागाचे प्रमुख कर्नल केय यांनीच दिली होती. मुंबईत कामगारांसाठी लिहिणारे डांगे, ज्यांनी १९२१ साली गांधी आणि लेनिन यांची तुलना करणारं पुस्तक लिहिलं होतं, ते उस्मानींच्या पंगतीला असे आले. करंजगावच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. त्या दोघांना जोडणारा दुवा साम्यवादाचा होता. पण सरकारच्या मनात दोघांसाठी जागा आधीच तयार होती, रेशमी पत्रांच्या काळापासून.

१९३१ मध्ये पुन्हा एकदा धावपळ झाली. जेरुसलेमचे मुफ्ती अमीन अल-हुसैनी यांनी डिसेंबरात जागतिक इस्लामी परिषद बोलावली. शौकत अली त्यात पुढे, कवी इक्बालही गेले. महंमद अलींना त्याच वर्षाच्या जानेवारीत जेरुसलेमला पुरलेलं होतं. पॅलेस्टाइन इंग्रजांच्या ताब्यात, त्यामुळे परिषदेला परवानगी मिळाली ती अटीवर, खिलाफतीचा विषय काढायचा नाही. आणि त्याआधी महिनाभर, १२ नोव्हेंबरला, फ्रान्समधल्या नीस शहरात एक लग्न लागलं होतं. हद्दपार खलिफा अब्दुलमजीद यांची एकुलती एक मुलगी दुर्रुशेवार आणि हैदराबादच्या निजामाचे थोरले पुत्र आझम जाह. जुळवणारे शौकत अली. निजाम त्या काळी जगातला सगळ्यांत श्रीमंत माणूस म्हणून गाजलेला, आणि खलिफाला तनखाही तोच देत होता. त्यांना मुलगा झाला तर तो एका बाजूने निजामाचा नातू आणि दुसऱ्या बाजूने खलिफाचा. उद्या हैदराबादेत खिलाफत उभी राहिली तर? हा प्रश्न दिल्लीच्या राजकीय खात्याला सतावत होता.

आम्हां नाशिककरांना हैदराबाद दूर वाटतं, पण तेव्हा येवला ओलांडून वैजापूरला पोचलं की निजामाचं राज्य लागत असे. पिंपळगावहून लासलगाव, येवला, वैजापूर करत पुढे गेलं की खुलताबाद येतं. औरंगजेबाची कबर पाहायला लोक तिथे जातात. त्याच परिसरात तुर्की घडणीची एक रिकामी कबर-इमारत आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. अब्दुलमजीद १९४४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला वारले, आणि त्यांना मराठवाड्याच्या मातीत पुरायचं म्हणून निजामाने ती बांधवली. ते इथे कधी आलेच नाहीत. मृतदेह पॅरिसच्या मशिदीत वर्षानुवर्षं राहिला आणि अखेर १९५४ मध्ये मदिनेला दफन झाला. तोवर इंग्रज गेले होते, निजामाचं राज्यही गेलं होतं.

आज या विषयावर बोलताना लोक पटकन दोन गटांत वाटले जातात. एकाला मालेगावात फक्त हुतात्मे दिसतात, दुसऱ्याला फक्त जळालेलं देऊळ. दोघंही नकळत त्या जुन्या सरकारी फायलीचाच चष्मा लावून बघतात, जिच्यात विणकराचं नाव त्याच्या धर्माखेरीज लिहिलेलं नाही. शिक्षिका म्हणून मला सुलेमान शाह आणि भास्करराव ही दोन्ही नावं एकाच तासाला घ्यायची होती, आणि मी ती घेतली. काही पालकांना ते आवडलं नाही. त्यांच्याशी मी बसून बोलले. मालेगावहून माल आणणारे आमच्या पेठेतले दुकानदार त्या बोलण्यात माझ्या बाजूने उभे राहिले, कारण त्यांना दोन्हीकडची माणसं ठाऊक होती.

सरकारी बाजूचे कागद आपल्याला मिळू शकतात. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे गृहखात्याच्या जुन्या फायली अभ्यासकांना पाहायला मिळतात. न मिळणारी आहे ती दुसरी बाजू. १९१८ ते १९२४ या वर्षांत सूत काय भावाने घेतलं, लुगडं काय भावाने गेलं, वर्गणी कुणी दिली, उधारी कुणाची थकली, हे कुठल्या सरकारी दप्तरात नाही. ते ओझर, पिंपळगाव, चांदवड, उमराणे, सौंदाणे, मालेगाव या रस्त्यावरच्या कापडवाल्यांच्या आणि सावकारांच्या मोडीतल्या वह्यांत असेल, मोमीन घरांतल्या उर्दू चिठ्ठ्यांत असेल. माळा झाडताना, जुनं घर पाडताना अशा वह्या रद्दीत जातात. आमच्या दुकानाच्या त्या वर्षांच्या वह्याही अशाच गेल्या. तुमच्याकडे असतील तर रद्दीवाल्याला देऊ नका. मोडी वाचता येत नसेल तर वाचणारे आहेत, उर्दूसाठी मालेगावात माणसांची वाण नाही. मला कळवलंत तर मी स्वतः येऊन पाहीन.